साहेबांच्या फोटोखालचं बटण

उमरग्यात हायवेला लागून माझं दुकान आहे. पाटीवर ‘वेबसाइट बनवून मिळेल’ हे मोठ्या अक्षरांत आणि ‘झेरॉक्स, लॅमिनेशन’ हे बारीक अक्षरांत लिहिलंय. लोक बारीक अक्षरं वाचूनच आत येतात. मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक आजवर एकच भेटलं, ते म्हणजे आमच्या भागातली एक शिक्षणसंस्था. शाळा, कॉलेज आणि नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स असा तिचा पसारा. तिची वेबसाइट मी बनवली, मीच सांभाळतो, आणि पुढं जे झालं ते माझ्याच हातानं झालं. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मग दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळा.

त्या वर्षी मे महिन्यात नर्सिंगचे अर्ज सुरू झाले आणि त्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे साहेबांचा, वाढदिवस आला. आमच्याकडं वाढदिवस हा काही घरात केक कापून उरकायचा विषय नाही. लाइटच्या खांबावर साहेब, दवाखान्याच्या भिंतीवर साहेब, स्टँडवरच्या मुतारीवरसुद्धा साहेब, हात जोडून. राहून गेली होती ती फक्त वेबसाइट. संस्थेचे व्यवस्थापक पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “साइट उघडली की पैले सायेब दिसले पायजेत. पूर्ण पडदाभर. बाकीचं मागनं.”

बसवले साहेब. पडदाभर, डोक्याला फेटा, मागं सूर्योदय. कोपऱ्यात फोटो बंद करायची फुली दिली, सगळ्या जगात देतात तशीच. व्यवस्थापकांनी त्यांच्या मोबाइलवर साइट उघडली आणि त्यांचं तोंड उतरलं. मोबाइलचा पडदा तो केवढा, फुली नेमकी फेट्यावर येऊन बसली होती.

“फुली?” ते म्हणाले. “सायेबाच्या डोस्क्यावर फुली? आन् ते बी वाढदिवसाला? अवो, माझी नोकरी घालवायची हाय का तुमाला?”

“अहो, ती बंद करायची खूण आहे. त्याशिवाय माणूस अर्जापर्यंत जाणार कसा?”

“म्हंजे लोकांनी सायेबाला बोटानं बंद करायचं म्हणता?”

साहेबांना स्वतःला फुलीचं काही वाटलं असतं का, हे त्यांना विचारायची छाती व्यवस्थापकांची नव्हती आणि माझी तर नव्हतीच. फुली काढली. मधला मार्ग म्हणून असं ठरवलं की साहेब दहा सेकंद दर्शन देतील आणि मग हळूहळू आपसूक विरून जातील. व्यवस्थापकांना ते फार पसंत पडलं. “हां, असं इज्जतीनं जाऊ द्या,” म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

मग मी सगळं तपासून बघितलं. हो, तपासलं, एवढा काही मी बेपर्वा नाही. पण मी जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला माणूस. कीबोर्डवरनं हात उचलणाऱ्याला आमचे सर पट्टी मारायचे. त्यामुळं माउस मला अजूनही आळशी लोकांचं खेळणं वाटतो. साहेब विरून गेल्यावर मी टॅब दाबत दाबत पहिल्या पानावरच्या ‘अर्ज भरा’ या बटणावर पोचलो, एंटर मारलं आणि एक खोटा अर्ज भरला. अर्ज गेला. तो पुसून आकडा परत शून्यावर आणला आणि स्वतःवर खूश होऊन घरी जेवायला गेलो.

दोन दिवसांनी फोन सुरू झाले. पहिल्या पानावर अडचणीसाठी माझाच नंबर होता. कुणी म्हणे बटण दाबतंय पण काही होत न्हाय, कुणी म्हणे बटण दगडागत झालंय. मी आमच्या धंद्यातले सगळे मंत्र म्हणून दाखवले. नेटवर्क बघा. मोबाइल बंद करून चालू करा. जुना मोबाइल असंल तर असंच होतं. जरा दाबून धरा. एका मुलीला तर मी, “तुम्हाला फॉर्म भरता येत नाही, त्याला मी काय करू?” असंही सुनावलं. आपल्या चुकीबद्दल दुसऱ्यालाच ओरडायचं, यात जो रुबाब आहे तो दुसऱ्या कशात नाही.

शेवटच्या तारखेला, दुपारी तीनच्या सुमाराला, सास्तूरहून एक बाई जीपनं आली. कागदांची पिशवी छातीशी धरलेली. ब्लाउज शिवायचं काम करते, बारावी झालीय, दोन लेकरं आहेत, आणि नर्सिंग करायचंय, असं तिनं दारातच एका दमात सांगितलं. तिची अडचण वयाची होती. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पस्तीस पूर्ण झालेली चालत नव्हती. आता आमच्या भागातली अर्धी माणसं एक जूनला जन्मलीत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. हिचीही तीच. आज मेचा शेवटचा दिवस. म्हणजे उद्या सकाळी उठली की ही पस्तिशीची आणि कोर्सला कायमची बाद.

“भाऊ, फोनवर तुमीच बोलला व्हता,” ती म्हणाली. “आठ दिस झालं म्या दाबायलेय. माझं बोट घेतच न्हाय ते.”

“बोट?”

“रेशनच्या मशीनवर बी माझा अंगठा घेत न्हाय की. सुईनं रेघाच गेल्यात. खोबरेल लावलं, लिंबू चोळलं. मंग नणंदेचं बोट लावून बघितलं, तर तिचं बी घेईना. म्हणलं फारम माझ्या नावाचा हाय, बोट माझंच लागत असंल.”

मी हसलो. अगदी समजूतदार, शिकलेल्या माणसासारखा हसलो. “ताई, बटणाला रेघा लागत नाहीत हो,” म्हटलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. टॅब टॅब करत ‘अर्ज भरा’वर गेलो, एंटर मारलं, रकाने भरले, कागद चढवले आणि शेवटी पुन्हा एंटर मारलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. अर्ज मिळाला. अर्ज क्रमांक एक.

“पैला नंबर!” ती टाळी वाजवून उठलीच. “भाऊ, माझा पैला नंबर आला!”

मी मात्र पडद्याजवळ वाकून तो आकडा पुन्हा वाचला. अर्ज सुरू होऊन आठ दिवस झालेले, मुदत संपायला दीड तास उरलेला, आणि क्रमांक एक? ज्या कोर्ससाठी दरवर्षी पोरींची झुंबड उडते, त्याला या बाईच्या आधी एकही अर्ज आला नव्हता.

साइट पुन्हा उघडली, साहेब विरू दिले. या वेळी माउस हातात घेतला, नाइलाजानं. ‘अर्ज भरा’वर नेला. बाण होता तो बाणच राहिला, त्याचा पंजा काही होईना. दाबलं. काही नाही. दहा वेळा दाबलं. मग ज्यात पानाची आतली मांडणी दिसते ती खिडकी उघडली आणि बटणाच्या जागेवर काय आहे ते विचारलं. निळी चौकट बटणाभोवती यायला हवी होती, ती आली अख्ख्या पडद्याभोवती. खाली नाव आलं, मीच दिलेलं. वाढदिवस.

साहेब गेलेच नव्हते. ते फक्त दिसेनासे झाले होते. दहा सेकंदांनी पूर्ण पारदर्शक होऊन ते आठ दिवस तिथंच, सगळ्या पानावर, हात जोडून बसले होते. फोटो दिसेनासा करणं वेगळं आणि पानावरनं काढून घेणं वेगळं, हे या कामात पहिल्या धड्यात शिकवतात. जिल्ह्यातलं प्रत्येक बोट बटणावर न पडता साहेबांच्या सूर्योदयावर पडत होतं. कीबोर्डला असल्या पडद्याचं काही सोयरसुतक नसतं, तो थेट बटणापाशी जातो. म्हणून माझा अर्ज गेला होता. आणि मोबाइलवर टॅब असतोय कुठं?

तिला सगळं सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, नाही असं नाही.

“म्हंजे माझं बोट बरं व्हतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“आन् मंग फोनवर नेटवर्क, नेटवर्क काय लावलं व्हतं तुमी? म्या आठ दिस रडायलेय घरात. सासू म्हणती, तुज्या नशिबात न्हाय, सोड आता. म्या तिचं बी खरं मानायलते!” तिचा आवाज चढला. झेरॉक्सला आलेली दोन माणसं गुमान बाहेर सरकली. “आन् बाकीच्या पोरी? त्या बी बोटाला तेल लावून बसल्या असत्याल. त्यांला कोण सांगायचं, बोट बरं हाय म्हणून?”

मला लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी. लगेच व्यवस्थापकांना फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवून तिलाही ऐकू दिला.

“एकच अर्ज?” ते म्हणाले. “बगा, सायेब म्हणलेच व्हते, आजकालच्या पोरींला सेवेची आवडच न्हाय. एकीसाठी काय कोर्स चालवायचा व्हय? बंद ठेवू यंदा.”

मी सांगितलं की पोरींची आवड शाबूत आहे, मधे फोटो आडवा आलाय.

“म्हंजे सायेब आडवे आले म्हणता?”

“साहेब नाही हो. साहेबांचा फोटो.”

“तेच की!”

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “लिहून देतो, सही करून देतो. साहेबांचं नाव कुठं येणार नाही.”

“नाव कसं येणार न्हाय?” ते एकदम सावध झाले. “मुदत वाढवायची तर सायेबाच्या आदेशानंच वाढणार. पाच दिस देऊ. पत्र करून पाचच्या आत आणा, सही करतो. आन् वर फोटू घ्या, ठळक.”

फोन ठेवून मी विजयी चेहऱ्यानं तिच्याकडं वळलो, तर ती पांढरीफटक पडली होती.

“पाच तारीख,” ती म्हणाली. “मंग माझं वय?”

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वय शेवटच्या तारखेला मोजायचं, आणि शेवटची तारीख मी आत्ताच पुढं ढकलली होती. मुदत वाढवावी तर उद्या हिचा क्रमांक एक बाद होणार. न वाढवावी तर एका अर्जासाठी कोर्सच होणार नाही. दोन्हीकडनं मार तिलाच.

“चूक तुमची, मुदत बाकीच्यांला, आन् बाद म्या,” ती म्हणाली आणि कागद पिशवीत भरायला लागली. “लई चांगला न्याव हाय.”

“थांबा ताई,” म्हटलं, आणि पत्र टाइप करायला बसलो. पहिल्या ओळीत साहेबांच्या दूरदृष्टीला वंदन. दुसऱ्या ओळीत विद्यार्थिनींच्या आग्रहावरून मुदतवाढ. आणि तिसऱ्या ओळीत, त्याच अक्षरात, त्याच तोऱ्यात, ‘वयाची अट मात्र पूर्वीच्याच अंतिम तारखेस मोजण्यात येईल.’ वर साहेब, ठळक. ती म्हणाली म्या बी येते, तुमच्यावर इस्वास न्हाय माझा. दुकानाचं शटर ओढलं, तिला गाडीवर मागं बसवलं आणि निघालो.

संस्थेच्या कचेरीत पावणेपाच वाजले होते. व्यवस्थापकांनी चष्मा लावला. आधी फोटो बघितला, बराच वेळ. मग साहेबांच्या नावामागची सगळी विशेषणं बोटानं मोजल्यासारखी बघितली. बोट खाली सरकलं. ती दारात पिशवी आवळून उभी होती आणि मी छताकडं बघत होतो. बोट तिसऱ्या ओळीवर आलं, थांबलं, आणि परत वर गेलं. “फेट्याचा रंग जरा फिका आलाय,” ते म्हणाले. आणि सही केली. शिक्का मारला.

तिला पुढं प्रवेश मिळाला, हे इथंच सांगून टाकतो. त्या पाच दिवसांत अर्जांची रीघ लागली, कोर्स झाला, आणि संस्थेच्या कार्यक्रमात साहेबांच्या मुदतवाढीबद्दल त्यांचा सत्कारही झाला. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि तेवढंच एक बरं झालं.

पण कचेरीबाहेर आलो तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. तिनं पत्र माझ्या हातातनं घेतलं आणि तिसरी ओळ पुटपुटत दोनदा वाचली.

“म्हंजे उद्या म्या पस्तिशीची झाले तरी चालतंय?”

“चालतंय.”

ती तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी बाजूला उभा राहिलो. ती जरा शांत झाल्यावर म्हटलं, “ताई, माझं चुकलं. मला माफ करा.”

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

“त्यो फोटू काढला का वरनं?”

नव्हता काढला. एक ओळ बदलायची होती, दोन मिनिटांचं काम, आणि पत्राच्या गडबडीत मी ते तसंच टाकून आलो होतो. आत्ता, या क्षणालाही, कुठल्यातरी गावात कुणीतरी पोरगी दाबत असणार होती.

“मंग हितं काय उभं ऱ्हायलाय?” ती ओरडली. “चला की!”