टेरिकॉटचा धागा

तेरावं झाल्यावर मी ह्यांचे कपडे वाटायला काढले होते. ह्यांचा उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला. घरात नवं कापड आलं की कडेचा एक धागा ओढायचे आणि काडी पेटवून जाळून बघायचे. सूत असलं की जळक्या कागदाचा वास येतो आणि चिमूटभर राख उरते. टेरिलीनचा कृत्रिम धागा आक्रसतो, वितळून गळतो. मला त्यात कधी रस वाटला नाही.

निळ्या शर्टाची घडी घालताना खिशात काड्यापेटी लागली. मी शिवणीच्या आतल्या कडेचा कापडाचा धागा ओढला आणि पेटवला. शर्ट टेरिकॉटचा, म्हणजे सूत आणि टेरिलीन एकत्र कातलेल्या धाग्याचा. राख उडाली नाही, थेंबही गळला नाही. सुताने पेट घेतला आणि वितळणारं टेरिलीन त्यालाच धरून जळत राहिलं. एकेकटे असते तर दोघेही आपापल्या परीने संपले असते. एवढी वर्षं एकत्र राहिल्यावर कुणालाच ते धड जमत नाही, असं मनात आलं. रडू मात्र आलं नाही. ते गेले त्या दिवशीही आलं नव्हतं.

बोटांत एक काळा, कडक खडा उरला.

"अहो ताई, बोट!" धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून धावत आली. माझा हात ओढून तिने नळाखाली धरला. "भाजलं ना?"

मी बोटाकडे पाहिलं. फोड आलेला दिसला, म्हणून हो म्हटलं.