अंडी आत, सॉफ्टवेअर बाहेर

मशीनच्या काचेतून थर्मामीटर दिसत होतं. पारा अठ्ठ्याण्णवच्या खाली आला होता आणि आणखी उतरत होता. आत अंडी होती. पिल्लं निघायला चार-पाच दिवस राहिले होते. हीटर बंद. कम्प्युटरवर रंजना सॉफ्टवेअरच्या चित्रावर डबल क्लिक करायची, एक पांढरा चौकोन यायचा, त्यात इंग्रजीत दोन ओळी, खाली ओके. ओके दाबलं की सगळं गायब. परत क्लिक केलं, परत तेच.

"काकू, उघडतच न्हाई."

"मला दिसून राहिलं. त्या नांदेडवाल्याला फोन लाव."

आमचं केंद्र कळमनुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. बायकांच्या गटाचं. गावातल्या आणि तांड्यावरच्या बायका गावरान कोंबड्यांची अंडी आणून देतात, आम्ही ती मशीनमध्ये ठेवून पिल्लं काढून देतो. याला हॅचरी म्हणतात. हॅचरी मी बघते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, कोंबड्या मात्र जन्मभर केल्या. रंजना गटाची सेक्रेटरी. बी. ए. झालेली आहे, गावची सून आहे. कम्प्युटर तिच्याकडे.

मशीन म्हणजे एक मोठं कपाट. आत ट्रे, हीटर आणि पंखा. अंड्यातलं पिल्लू वाढायला शंभर डिग्री फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा तिच्या पोटाखाली एवढीच ऊब असते. आमच्या मशीनला ती ऊब सांभाळायला वेगळं डोकं नाही. ते काम कम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. गार झालं की हीटर लावायचा, गरम झालं की बंद करायचा. सॉफ्टवेअर उघडं नसेल तर हीटर लागतच नाही. आग लागू नये म्हणून तशी सोय केली आहे, असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. त्या दिवशी ती सोय आमच्याच मुळावर आली होती.

झालं होतं एवढंच, की सकाळी लाईट गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ चालला आणि बसला. लाईट आल्यावर कम्प्युटर सुरू झाला, सॉफ्टवेअर झालं नाही. लाईट तर आमच्याकडे रोजच जाते. आधी कधी असं झालं नव्हतं.

तेवढ्यात चांदीबाई दारात आली. चांदीबाई तांड्यावरची. तिच्या काळ्या पायांच्या कोंबड्या या भागात माहीत होत्या. अंडी कमी देतात, पण आजारी पडत नाहीत आणि पिल्लांना जीव लावतात. तिनं आपली अंडी आमच्याकडे ठेवली आणि त्याच आठवड्यात तिच्या खुराड्यात रानमांजर शिरलं. कोंबड्या गेल्या, कोंबडाही गेला. त्या जातीचं जे काही उरलं होतं ते आमच्या मशीनमध्ये, खालच्या ट्रेमध्ये होतं. तेव्हापासून ती रोज येऊन काचेतून बघून जायची. बघून काही होत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

"याडी, लाल बत्ती काहून बंद हाय?" ती मला याडी म्हणते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"हीटर बंद हाय."

"मंग लाव की."

"लागत न्हाई."

"काहून?"

"ते म्हाइत असतं तर हितं उभी राह्यले असते का मी? सरक बाजूला."

पहिलं काम मी पंख्याचं बटण बंद करायचं केलं. पंखा थेट लाईनवर चालतो. हीटर बंद आणि पंखा चालू म्हणजे मशीन स्वतःच स्वतःला गार करतं. मग वरची हवेची झडप अर्धी उघडी ठेवली. मोठं झालेलं पिल्लू कवचातून श्वास घेतं, त्याला कोंडून चालत नाही.

दुसरं काम उबेचं. शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, हळद शिजत होती. हळदीच्या दिवसांत आमच्याकडे ज्या बाजूला जाल त्या बाजूला वाफ दिसते. चांदीबाईला म्हटलं, दोन कॅन घे, तिथून गरम पाणी आण. ती पळतच गेली आणि पळतच आली. पदर ओला, हात लाल. कॅनला पोतं गुंडाळून मी ते मशीनच्या तळाला ठेवले, ट्रेला लागू दिले नाहीत. पारा उतरायचा थांबला. मग सावकाश चढायला लागला.

"आनखी दोन आनू?"

"नको."

"चढंल ना लवकर."

"चांदे, हळद न्हाई शिजवायची, पिल्लं काढायचीत. गारवा सोसतात ते घडीभर. शिजल्यावर काय सोसनार?"

हा मुद्दा नव्या बायकांना पटत नाही. आई घरी नसली तर लेकरू घडीभर थंडीत राहू शकतं, चुलीत राहू शकत नाही. कोंबडीसुद्धा दाणे खायला उठते, तेव्हा अंडी उघडीच असतात. गारव्यानं नुकसान हळू होतं. जास्त उष्णतेनं लगेच होतं. पण हे कॅन किती वेळ पुरणार, हेही मला माहीत होतं. पाणी निवलं की बदलायचं, बदलताना दार उघडायचं, दार उघडलं की पुन्हा ऊब बाहेर. दिवसभर रेटता आलं असतं. चार दिवस नाही.

फोन लागला. मशीन बनवणाऱ्यांचा माणूस, नागेश नाव, नांदेडला बसतो. रंजनानं स्पीकर लावला.

"रीस्टार्ट केलं का?"

"दोनदा."

"राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा."

रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे मालकाच्या अधिकारानं उघडणं. रंजनानं केलं. पासवर्ड मागितला, तोही दिला. तोच पांढरा चौकोन.

"अँटीव्हायरस बंद करून बघा."

बघितलं. तोच चौकोन.

"मग करप्ट झालं असेल. अनइन्स्टॉल करून परत टाकू. मी लिंक पाठवतो."

"किती येळ लागंल?" मी विचारलं.

"नेटवर आहे मावशी. तुमचं नेट कसं आहे?"

"आमचं नेट आमच्या लाइनीवानी हाय."

तो हसला. मला हसू आलं नाही. पण दुसरा इलाज नव्हता. सॉफ्टवेअर काढलं, परत उतरवलं, परत टाकलं. तोवर चांदीबाईनं आणखी एकदा कॅन भरून आणले. माझ्या खांद्यावरून वाकून ती स्क्रीनकडे बघत होती. हिरवी पट्टी भरत गेली, पुरी झाली. रंजनानं डबल क्लिक केलं.

तोच चौकोन.

"नवं टाकलं तरी तेच?" रंजनाचा आवाज चिरका झाला. "म्हणजे मशीनच गेलं का सर?"

"थांबा. तो चौकोन बंद करू नका. त्यात काय लिहिलंय ते मला सगळं वाचून दाखवा. अक्षरन् अक्षर."

हे त्यानं आधीच विचारायला हवं होतं. पण आम्हीही ते न वाचता ओके दाबत होतो, तेव्हा त्याला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही. रंजनानं वाचलं. एका फोल्डरचा पत्ता होता आणि पुढे, अ‍ॅक्सेस इज डिनाइड.

"म्हणजे काय?" चांदीबाई.

फोनवरून नागेशच म्हणाला, "म्हणजे सॉफ्टवेअर मोडलेलं नाही. त्याला त्याच्याच खोलीत कुणी जाऊ देत नाहीये."

त्यानं मग समजावून सांगितलं. फोल्डर म्हणजे कम्प्युटरातली खोली. आमच्या हॅचरीच्या सगळ्या नोंदी एका फोल्डरमध्ये राहतात: कुणाचा ट्रे, किती ऊब, केव्हा. सॉफ्टवेअर उघडताना पहिलं काम त्या फोल्डरात एक ओळ लिहायचं करतं, की मी आज अमुक वाजता सुरू झालो. हजेरी मांडल्याशिवाय ते कामाला उभं राहत नाही. ती ओळ लिहू दिली नाही तर ते तिथंच बंद होतं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं तरी नोंदींचा फोल्डर तसाच राहतो, कारण नोंदी कुणी पुसत नाही. म्हणून त्याच्यावरची बंदीही तशीच राहिली.

"पण सर, फोल्डर उघडतंय," रंजना म्हणाली. "आतल्या फाइली दिसून राहिल्या."

"दिसतील. बघायला बंदी नसेल, लिहायला असेल. त्या फोल्डरवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज. वर सिक्युरिटी लिहिलंय, तिथं जा. काय दिसतं?"

रंजना बघत राहिली.

"मॅडम? काय दिसतं?"

"एव्हरीवन."

"आणि समोर?"

"राइटच्या समोर डिनायवर टिक आहे."

"हे कुणी केलं?"

"मी," रंजना म्हणाली. "काल."

आता कालचं सांगते. केंद्राचा कम्प्युटर म्हणजे गावाचा झाला होता. कुणी लग्नाचे फोटो टाकायला यायचं, कुणी भरतीचा फॉर्म भरायला. अशाच कुणीतरी जागा करायच्या नादात नोंदींचा फोल्डर कचऱ्याच्या डब्यात टाकला. रंजनानं तो परत काढला म्हणून निभावलं. त्यावर काल गटाची बैठक झाली. बायका चांगल्याच तापल्या होत्या. ठरलं, की त्या फोल्डरला कुणाचाच हात लागू द्यायचा नाही. रंजनानं त्याच वेळी बसून सिक्युरिटीत एव्हरीवन, म्हणजे सगळे, असं घातलं आणि राइट, म्हणजे लिहिणं, त्याच्यासमोर डिनायवर, म्हणजे मनाईवर, टिक केली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सॉफ्टवेअर तेव्हा चालूच होतं. आधीच आत होतं, म्हणून त्याला काही झालं नाही. सकाळी लाईट गेली, ते बाहेर पडलं आणि परत आत येता येईना.

आमच्याकडे पुढच्या पेरणीचं बियाणं कणगीत भरतात आणि कणगी शेणामातीनं लिंपून टाकतात. मग घरात सांगायचं, कुणीच हात लावायचा नाही. कुणीच म्हणजे घरच्या बाईला सोडून. हे कुणी बोलून दाखवत नाही, सगळ्यांना कळतं. उंदीर लागला का, ओल धरली का, ते तीच बघणार. काल बैठकीत आम्ही त्याच हिशेबानं बोललो. कम्प्युटरनं एव्हरीवन म्हणजे एव्हरीवन धरलं. त्यात गाव आलं, रंजना आली, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आला आणि सॉफ्टवेअरही आलं.

"बैठकीत सगळ्यात मोठ्यानं कोन वरडत व्हतं?" मी विचारलं.

चांदीबाई कॅनचं झाकण घट्ट करत होती. "म्या म्हनलं व्हतं. माह्या अंड्यांची काळजी व्हती म्हून म्हनलं. पर मशीनला थोडंच म्हनलं व्हतं?"

"मशीननं आयकलं ना पर."

"लईच आज्ञाधारक हाय मंग. माह्या सुनंला दावायला पायजे."

रंजनाला रडू येत होतं, तिला हसू फुटलं. नागेशही तिकडे हसत होता. मी म्हटलं, हसणं मागून, आधी टिक काढा.

एडिट दाबलं, एव्हरीवनची डिनायची टिक काढली, अप्लाय, ओके. रंजनानं सॉफ्टवेअर उघडलं. या वेळी खिडकी आली, हिरवा रंग दिसला, आणि पुन्हा बंद.

चांदीबाईनं माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला.

"घाबरू नका," नागेश म्हणाला. "मॅडम, काल आतल्या फाइलींनाही वेगळी बंदी घातली होती का?"

"एक-दोन फाइलींना घातली होती. पक्कं व्हावं म्हणून."

म्हणजे खोलीचं दार उघडलं होतं, आतली कपाटं बंदच होती. त्यानं तिला अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेलं. तिथं खाली एक चौकोन असतो: बाहेरच्या फोल्डरचा नियम आतल्या सगळ्या फाइलींना लावा, असा त्याचा अर्थ. त्यात टिक करून ओके केलं. कम्प्युटरनं खात्री आहे का विचारलं. आहे, म्हटलं.

सॉफ्टवेअर उघडलं. उघडंच राहिलं. मशीनच्या आत कट्ट असा आवाज झाला आणि लाल बत्ती लागली. मी कॅन बाहेर काढले, पंख्याचं बटण दाबलं, झडप नेहमीच्या जागी आणली. पारा शंभरला येऊन थांबेपर्यंत काचेसमोरून हलले नाही.

"आता बघू का एक अंडं? उजेडात धरून?" चांदीबाई.

"दार उघडायचं न्हाई आता."

"येकच."

"चांदे, घरी जा."

गेली नाही. दारात बसून राहिली. रंजनानं चहा केला तो पिऊन मग गेली.

नागेशनं त्याच दिवशी आणखी एक काम करून घेतलं. गावासाठी कम्प्युटरवर वेगळं यूजर अकाउंट केलं, म्हणजे वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. त्या नावानं आलेल्याला फोटो टाकता येतात, फॉर्म भरता येतो, पण हॅचरीच्या फोल्डरात लिहिता किंवा पुसता येत नाही. सॉफ्टवेअर आणि रंजना ज्या नावानं चालतात त्या नावाला तिथं पूर्ण मुभा. बायकांना पुढच्या बैठकीत मी एवढंच सांगितलं: बंदी घालायची तर ज्याला घालायची त्याचं नाव घ्या. सगळ्यांना म्हणाल तर त्यात आपण येतो. आणि कम्प्युटर चौकोन दाखवतो तेव्हा ओके दाबायच्या आधी वाचत जा.

गारव्यानं पिल्लं एक दिवस उशिरा निघाली. एवढा फरक पडणारच. बाकी बायकांच्या ट्रेमध्ये नेहमीइतकीच निघाली. चांदीबाईच्या ट्रेमधली काही अंडी फुटलीच नाहीत. ती गारव्यानं गेली की आधीच वांझ होती, ते मी सांगू शकत नाही. बारा फुटली. त्यातलं एक लुळं होतं, ते दुसऱ्या दिवशी मेलं. अकरा जगली, सगळी काळ्या पायांची. आता मोठी झाली आहेत: सात तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोंबड्या, आणि चार कोंबडे.