काकूंचा उरलेला राग

टेम्पोत सामान चढवून झालं तरी अम्मी दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. राहात्याजवळच्या आपल्या गावातून नागापूर एमआयडीसीपर्यंतच जायचं होतं. पण तिचा ना दोरीवर भरवसा होता, ना टेम्पोवाल्यावर, ना मी जिथं राहायला चालले होते त्या शहरावर. माझ्या नवऱ्याला, सलीमला, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम लागलं होतं. टेम्पो सुरू झाल्यावर ती खिडकीशी येऊन म्हणाली, "दार लावून ऱ्हा. आपल्या घरातलं कुणाला सांगत बसू नको. लोक कसे असतील, काय माहीत."

नसीम, तू दोहाहून फोनवर विचारलंस, अम्मीला गावात अब्बांच्या कबरीशेजारी न ठेवता इथं का दफन केलं? तुझ्या आवाजातला संशय मला कळला. आपालाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून जे झालं ते तुम्हा दोघी बहिणींसाठी लिहून ठेवते.

आम्ही खोली घेतली त्या चाळीत समोरच्या दारात गायकवाडकाकू राहायच्या. मिस्टर कंपनीतून रिटायर होऊन वारलेले, मुलगा पुण्याला. फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं रोज ताजं फूल. बाई स्वच्छ, नीटनेटकी, पण दिवसभर खिडकीत. मी पाणी भरायला निघाले की ती बघायची, माझ्याकडं पाहुणे आले की बघायची. मी जाड पडदा लावला. महिन्याभरात घरमालक आला आणि विचारू लागला, तुमच्याकडं माणसं किती येतात, कोण येतात. हे कुणी सांगितलं असणार ते मला विचारायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. दारातली दुधाची पिशवी गायब झाली तरी मला तीच आठवायची. गावात आपण कुणाच्याही चुलीपर्यंत जायचो. इथं चार वर्षं मी समोरच्या दाराकडं नजर वर करून पाहिलं नाही.

अब्बा गेल्यावर अम्मी बदलली, हे आपाने जवळून पाहिलंय. ती गावात घरोघर जाऊन बसायची. कुणाशी बांधावरून बोलाचाली झाली असेल, लग्नात मानपानावरून तोंड फिरवलं असेल, त्या माणसाला जाऊन म्हणायची, कहासुना माफ करा, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर. लोक हसायचे. मग ती माझ्याकडं राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मी आतून ऐकत होते.

"बाई, माझ्या पोरीचा तुमाला काय तरास हाय का? खरं सांगा. मी आई हाय म्हनून लाजू नका."

 काकू म्हणाल्या, "हाय की. ती बोलत न्हाई. पडदा कधी उघडत न्हाई. नवरा पहाटं पहाटं पिशवी घेऊन येतो. मला वाटलं, काय लपवत्यात. मालकाला मीच सांगितलं हुतं."

"आवं, त्याची रातपाळी असती. पिशवीत डबा असतो!" अम्मी म्हणाली. "अन् पडदा तुमी बघता म्हनून लावती ती."

"ती पडदा लावती म्हनून मी बघती," काकू म्हणाल्या.

अम्मी हसली. पण घरात आल्यावर मला म्हणाली, "नमाज-रोजे तुझ्या अन् अल्लाच्या मधले. तिथं काही कमी पडलं तर तो रहम करील. शेजारणीचं मन दुखवलं तर ते तिनंच माफ करायचं असतं. उद्या अल्लासमोर उभं ऱ्हायल्यावर तिला कुठं शोधत बसशील?"

मला ते पटलं नाही. काकूंनी मालकाकडं चुगली केली होती, आणि माफी मी मागायची? अम्मीकडूनही ती बाई गोड बोलून घरातलं काढून घेते आहे, असंच मला वाटत राहिलं. अम्मी मात्र रोज तिच्याकडं जायची. दोघी गवारी निवडत बसायच्या.

एका सकाळी फजरची नमाज पढून अम्मी आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर आला, त्यानं मान हलवली. आपा दुपारपर्यंत गावाहून पोचली. आल्या आल्या म्हणाली, गाडी बोलव, अम्मीला घेऊन जाऊ, अब्बांशेजारी जागा आहे. मी तिला सांगितलं, अम्मीनेच म्हटलं होतं, जिथं बोलावणं येईल तिथंच ठेवा, माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका.  "हे फक्त तुलाच कसं म्हणाली?" आपानं विचारलं. मला गावापर्यंतची धावपळ नको आहे, असं तिला वाटलं. मय्यत घरात आणि आम्ही दोघी एकमेकींवर संशय घेत उभ्या.

काकू बाहेर अंघोळीचं पाणी तापवत बसल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायका गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायला आल्या, तेव्हा त्याच बादल्या दारापर्यंत आणून देत होत्या. आमचं ऐकून त्या दारात आल्या, ओले हात पदराला पुसत.

"माज्यासमोर बोलल्या त्या," त्या आपाला म्हणाल्या. "म्हनल्या, धनी गावाच्या मातीत हायेत, पन माती सगळी अल्लाचीच. उगा मला घेऊन पळू नका."

आपानं गाडीचा विषय सोडला. जनाजा उचलायच्या आधी ती सगळ्या बायकांना हात जोडून म्हणाली, अम्मीकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. काकू रडत होत्या. "त्यांच्यावर माजा काईच राग न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बोट केलं. "हिच्यावर हाय अजून थोडा."

आपा मला नंतर म्हणाली, त्या वाक्यानं तिला खात्री पटली. जिला माझा राग आहे ती माझ्यासाठी खोटं कशाला बोलेल? दुपार कलल्यावर असरची नमाज झाली, मग अम्मीला इथल्या कब्रस्तानात ठेवलं.

पाहुणे गेल्यावर एका संध्याकाळी मी समोरच्या दारात जाऊन उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा. "काकू, राग कशाचा उरलाय?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं, जणू मी कशासाठी आले याचा अंदाज घेत होत्या. माझ्याही मनात आलंच, की आता ही काय काय काढते.

"बस," त्या म्हणाल्या. "मी तापानं पडले हुते तवा तू समोरून तीनदा गेली. एकदा इचारलं न्हाई."

मला ते माहीतही नव्हतं.  मी हात जोडले. त्यांनी लगेच "माफ केलं" म्हटलं नाही. "बगू," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

नसीम, तू म्हणतेस, गावी परत ये, आपलं घर तिथं आहे. मी जाते तेव्हा सगळे जेवायला घालतात, लेकीसारखं करतात. पण तिथं आता कुणाची माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही. मी तिथं पाहुणी झालेय. जिच्याकडून मला अजून माफी मिळवायची आहे ती बाई इथं राहते. उद्या काकू पुन्हा तापानं पडल्या, तर ताप उतरला का, हे विचारायला मला इथंच असायला हवं.