दार लावणारा बाप

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी आमच्या मंडईतलं जुनं नाटक मला पूर्ण पाठ आहे, माझी वाक्यं आणि दुसऱ्यांचीही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की ते होतंच. नवऱ्यानं संशयावरून हाकललेली पोर माहेरी येते आणि बाप तिच्या तोंडावर दार लावतो. तो बाप मी. वीस वर्षं दार लावलं. कडी वाजली की बायका पदर डोळ्याला लावायच्या, माणसं बक्षीस पुकारायची. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या उन्हाळ्यात माझी लेक देवरी गावचं सासर सोडून आली. नवरा मारायचा. मी काही विचारलं नाही, पाण्याचा लोटा दिला आणि आत घेतलं. तर त्याच बायका नळावर हसल्या, "बुढा नाटकात दार लावते अन् घरी उघडते!" शेजारच्या लग्नात तिला नवरीला हळद लावू दिली नाही. "तू बस बाई, तुह्या हातची नाही चालत." लेक कोरडे हात घेऊन घरी आली.

मंडई आली तसा नाटकमंडळाचा अध्यक्ष घरी आला. "काकाजी, पार्ट तुमचाच. फक्त पोरीले घरी ठेवजा. लोकं तिलेच पाहत बसतीन."

"काऊन? नाटकातल्या पोरीसाठी तर रडता!"

"ते नाटक आहे नं काकाजी!"

मी लेकीला नेऊन पुढेच बसवलं. सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली, बाकी सगळीकडे बायका खेटून बसल्या होत्या.

दाराचा प्रवेश आला. नटी रडली, पदर वर झाले, मोबाइलही वर झाले. कडीवर हात ठेवला आणि ती रिकामी सतरंजी दिसली. डोकं फिरलं माझं. दार सताड उघडलं आणि म्हणालो, "ये पोरी, अंदर ये."

नटी तशीच उभी. विंगेतून माझं दार लावतानाचं वाक्य तीनदा सांगून झालं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "दार लाव ना बे बुढ्या!" ज्यांना दार लावलं की रडू फुटायचं, तेच दार लाव म्हणून ओरडत होते. नाही लावलं. शेवटी पडदा पाडला त्यांनी.

या वर्षी पार्ट दुसऱ्याला दिला. गावात सांगतात, बुढा वाक्य भुलला. मी भुललो नाही. ते वाक्य मला आजही पाठ आहे, कोणीही घरी यावं, म्हणून दाखवतो. फक्त माझी लेक समोर असली तर म्हणणार नाही.