न पाहिलेली धार

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला खरोखर ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पत्रसुद्धा लिहिलेलं नाही. आलेलं पत्र वाचून घ्यायलाही वडील शाळेपर्यंत चालत जात. मराठी मला लिहिता येते ती पुस्तकातून शिकलेली. त्यात चुका असतील, त्या पोटात घालाव्यात. दुसरी एक गोष्ट पोटात घाला असं मी म्हणत नाही. ती नुसती सांगतो.

नागपूरला वसतिगृहात माझ्या खोलीत आणखी दोघे होते, एक डॉक्टरांचा मुलगा आणि एक वकिलांचा. मी चांदा जिल्ह्याच्या पार टोकाचा, प्राणहितेच्या काठचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव ‘अस्वल’ ठेवलं. पंगतीत माझ्या शेजारची जागा मोकळी राहायची. मी चिडत नव्हतो. चिडलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दिवाळीच्या सुटीआधी डॉक्टरांच्या मुलाने एका इंग्रजी साप्ताहिकातलं चित्र दाखवलं. अमेरिकेत कुठेतरी चार माणसं रबरी नावेत बसून फेसाळत्या नदीतून दगडांमधून खाली चालली होती. तोंडं उघडी, कपडे ओले. दोघे ते चित्र पुन्हा पुन्हा बघत होते. मी म्हणालो, “आमच्याकडे हे दरसाल चालतं. बांबूच्या तराफ्यावरून.”

“अस्वला, तू बसलास कधी?”

“पुष्कळदा,” मी म्हणालो. मी एकदाही बसलो नव्हतो.

तेवढ्यावर बेत ठरला. माझ्या आयुष्यात त्या दोन आठवड्यांइतका आनंद मला कधी झाला नाही. ग्रंथालयातला नकाशा आणून खाटेवर पसरायचा, नदीवर पेन्सिल फिरवायची. प्राणहितेचा पलीकडचा काठ हैदराबाद संस्थानाचा. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, पण आमच्याकडे अजून ‘निजामाची बाजू’ असंच म्हणत. वकिलांचा मुलगा म्हणाला, “म्हणजे परदेशच की बे! पासपोर्ट लागतो का?” मग आमची सुटी ‘विलायतेची सुटी’ झाली. काय न्यायचं त्याची यादी केली: दोर, टॉर्च, कॅमेरा, पोहताना घालायच्या चड्ड्या. पंगतीत माझ्या शेजारी दोघे बसू लागले. बेत तडीस गेला तर मी त्यांच्यातला होणार, एवढंच मला दिसत होतं.

बल्लारशापर्यंत गाडी, पुढे मोटार, मग लाकडाचा ट्रक, असे आम्ही गावी पोचलो. आईने कोंबडी केली. त्या दोघांनी ती बोटाने चिवडली आणि मी त्यांच्याकडे बघून हसलो, आईसमोर.

आमच्या गावाजवळ जंगलाच्या ठेकेदाराचा बांबू तराफे बांधून नदीत सोडत. गावाखाली दोन दिवसांच्या वाटेवर पात्रात खडक आहेत. तिथे सगळं पाणी दोन-तीन अरुंद धारांतून उड्या घेत जातं. त्या धारेतून तराफा काढणारी माणसं गावामागच्या जंगलातल्या पाड्यावरची होती, गोंड. तराफ्याच्या टोकावर उभं राहून लांब काठीने तो वळवणारा तो ‘पुढच्या काठीचा माणूस’, आणि त्याला मोठा मान. त्यांचा एक नेम होता. पावसाळा संपल्यावर पहिला तराफा सोडण्याआधी पुढच्या काठीचा माणूस काठाकाठाने पायी खडकांपर्यंत जायचा आणि नदी पाहून यायचा. पुराने कोणती धार मोकळी ठेवली, कोणती बुजवली, हे पाहिल्याशिवाय कोणी पाण्यावर पाय ठेवत नसे.

त्या वर्षी अजून कोणी पाहून आलं नव्हतं. आम्हाला तराफ्यावरून न्याल का, असं मी दोघा-तिघांना विचारलं. ते नाही म्हणाले. उरले एक म्हातारे. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून बाजाराला गेलो होतो. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ठेकेदाराच्या मुन्शीने त्या साली त्यांची पुढची काठी काढून घेऊन त्यांना काठावर बांबू बांधायला बसवलं होतं, हात कापतात म्हणून.

“कालेजातले पोरं खडकातून काहाडून दाखवले तं मुन्शी काय म्हणन?” भाऊ म्हणाले. डोळे चमकत होते. “मले काठी देतेच तो. पण बाबू, आधी पाहून येतो मी. जायले दोन दिवस, यायले दोन.”

सुटीचे पाचच दिवस उरले होते.

दोघांना भाऊंची फार मजा वाटत होती. डॉक्टरांच्या मुलाने त्यांना फोटोसाठी मांडीभर पाण्यात उभं केलं. एक पाय वर, काठी आडवी, मान वाकडी. “हलू नका, हं भाऊ! हललात की फोटोत दोन डोकी येतात!” कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. ती आदल्या दिवशीच संपली होती, मला माहीत होतं. भाऊ थंडीने कुडकुडत उभे राहिले आणि बराच वेळ कोणी त्यांना बाहेर या म्हटलं नाही. मीही नाही. उलट हसताना माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या ढिगाजवळ भाऊंनी पुन्हा विषय काढला. पाच-सात माणसं बांधणीला बसली होती.

“पाहून आल्याबगर नाई जमत, बाबू. पुरानं काय आणून टाकलं, कोणाले ठाऊक?”

“का हो, नदी काय दर वर्षी नवरा बदलते?” वकिलांचा मुलगा म्हणाला. माणसं हसली.

दोघे माझ्याकडे बघू लागले. मी भाऊंना म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मुन्शी म्हणते तेच खरं आहे मंग. तुमचे हात कापून राह्यले. नदी पाहाचं नुसतं निमित्त.”

आता कोणी हसलं नाही. भाऊंनी हातातल्या दोरीची गाठ आवळली.

“ठीक,” ते म्हणाले. “नाई पाहत. परवा निघू.”

डॉक्टरांच्या मुलाने माझ्या पाठीवर थाप मारली. तसा माझ्या अंगाला त्याने पूर्वी कधी हात लावला नव्हता.

भाऊंनी तराफा एकट्याने बांधला. आम्ही बसायचं तिथे त्यांनी गवत अंथरून घेतलं. पण निघायच्या आदल्या दुपारी वनखात्याची जीप आली. आतले साहेब डॉक्टरांच्या ओळखीचे निघाले. आलापल्लीकडे वाघाच्या शिकारीचा हाका होता. दोघांनी सामान जीपमध्ये टाकलंदेखील.

“आणि तराफा?” मी विचारलं.

“अरे, वाघ सोडून बांबूवर बसतं का कोणी? तुला यायचं तर मागे बस, सामानावर. म्हाताऱ्याला सांगून टाक, नदी आटली म्हणावं.”

भाऊंचा पाडा हाकेच्या अंतरावर होता. मला जाऊन सांगता आलं असतं. पण ते मुन्शीला, सगळ्यांना सांगून बसले होते. त्यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. वाटेत एक गुराखी भेटला. जीप थांबवून मी त्याला म्हणालो, “भाऊले सांग, आम्ही सडकेनं खालच्या गावाले जाऊन राह्यलो. तिथी वाट पाहतो. तिथून बसू म्हणा.”

खालचं गाव खडकांच्या पलीकडे होतं.

एवढ्या पटकन हे कसं सुचलं, मला सांगता येत नाही. आईलाही मी तेच सांगून निघालो होतो. जीपमध्ये मी मनाला समजावलं की भाऊ नदी पाहिल्याशिवाय जायचे नाहीत. एक-दोन दिवस वाट बघतील आणि समजून घेतील. नदी पाहू नका म्हणून मीच त्यांना डिवचलं होतं, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही, की मी येऊ दिलं नाही?

हाक्यात वाघ निघाला नाही. आम्ही तिथूनच परस्पर नागपूर गाठलं. पंगतीत माझ्या शेजारची जागा आठवड्याभरात पुन्हा मोकळी झाली. घरी मी पत्र टाकलं नाही.

होळीच्या सुमारास गावचे एक गृहस्थ नागपूरच्या दवाखान्यात आले. आईने दिलेले मोहाचे लाडू घेऊन ते वसतिगृहावर मला भेटायला आले. खोलीत दोघेही होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “भाऊ कसे आहेत?”

“कोन भाऊ? तराफेवाला?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “काऊन, तुले माहीतच नाई? तो तं दिवाळीतच गेला. एकटाच काहाडला तराफा. धारेत पुराचं झाड आडवं पडलं होतं.”

डॉक्टरांचा मुलगा वाचत होता तसाच वाचत राहिला.

“त्याचे पोरं गेले धावत खालच्या गावाले,” ते म्हणाले. “तं तिथी तुमचा पत्ता नाई. समजले, तुम्ही खडकाच्या वरतीच कुठं बापासंग तराफ्यावर बसले. आठ दिवस नदी धुंडली त्यायनं, तुमच्यासाठी. परगावचे पोरं, आपल्या बापाच्या हातून गेले म्हणून. तुझी माय काठावरच बसून राहे. मंग जीपवाला आला, त्यानं सांगतलं तुम्ही जित्ते आहा म्हणून.”

“आणि भाऊ?”

“तो तिसऱ्याच दिवशी सापडला, निजामाच्या बाजूले. तिकडच्या लोकायनं तिथीच पुरला. मातीले त्याचे पोरं पोचलेच नाई. ते खाली तुम्हाले धुंडून राह्यले होते.”