अंदमानातली दुपारची झोप

आमच्या सोसायटीत कुणी प्रवासाला जाऊन आलं की तो माहिती देतो. कुणी मागत नाही, पण दिल्याशिवाय त्याला राहवत नाही. हॉलमध्ये सतरंज्या अंथरतात, भिंतीवर फोटो दाखवतात आणि एका सहलीच्या बळावर माणूस त्या मुलखाचा मूळ रहिवासी होऊन बसतो. तळमजल्यावरचे गृहस्थ अंदमानला जेमतेम आठवडाभर राहिले होते, तरी बोलताना "आमच्या बेटावर" म्हणायचे.

त्यांनी माहिती दिली. बोटीची तिकिटं आधीच काढा. रोख पैसे जवळ ठेवा, एटीएम कधी बंद पडेल याचा नेम नाही. मोबाइलची रेंज विसरा. शंखशिंपले उचलू नका, विमानतळावर काढून घेतात. इथपर्यंत ठीक होतं. मग उरलेला सगळा वेळ ते पोह्यांवर बोलले. कुठल्या हॉटेलात मिळतात, कसे कोरडे असतात, लिंबं इथूनच का न्यावीत. मंडळी माना डोलावत होती, जणू समुद्र ओलांडून पोहे खायलाच जायचं होतं.

मला एकच विचारायचं होतं. मला काचबिंदू आहे. नजर कडांकडून कमी होत चालली आहे आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मला समुद्रात सूर्य बुडताना बघायचा होता. कोकणात गेलो होतो, नाही असं नाही, पण नेमक्या त्या वेळेला मी मुलांच्या अंगावरची वाळू धूत असायचे.

"सूर्यास्त कुठून चांगला दिसतो?" मी विचारलं.

"विशेष काही नाही हो, वहिनी. ढगच असतात."

"आणि सूर्यास्त काय, खडकवासल्यालाही होतो," आमचे हे म्हणाले. हॉल हसला.

तरी आम्ही गेलो. सोसायटीतलीच मंडळी, आणि नेतृत्व आमच्या यांच्याकडे. जन्मभर खडकीच्या कारखान्यात भोंग्यावर नोकरी केलेला माणूस, त्यामुळे वेळापत्रक त्यांनी आखलं. सकाळी फिरणं, दुपारी जेवण, मग विश्रांती, मग चहा, मग साडेपाचला समुद्र. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर लोक विनोद करतात. आमच्या मंडळींना तो विनोद वाटत नाही, हक्क वाटतो. विमानाचे पैसे भरून, बोटीत उलट्या करून पोचलेली ही माणसं जेवण होताच पडदे ओढून घोरू लागली. उठल्यावर घरून नेलेल्या पावडरीचा चहा झाला. मग गाडीत बसून पश्चिमेच्या किनाऱ्यावर पोचलो, तेव्हा गाडीचे दिवे लावलेले होते. समुद्र नुसता ऐकू येत होता.

"ढग आले वाटतं," हे म्हणाले. वर चांदण्या होत्या. तरी ढगांवर एकमत झालं.

शहाळी विकणारी बाई सामान आवरत होती. तिला मी विचारलं. इथे रोजच लवकर अंधार पडतो, ती म्हणाली. साधी गोष्ट. बेट पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र पुण्याचंच. मी यांना सांगितलं.

"साडेपाच म्हणजे साडेपाच," हे म्हणाले. "उद्या बघू."

उद्याचा दिवस शेवटचा होता, आणि उद्याही वेळापत्रकात विश्रांती होती. जेवणं झाली, पडदे ओढले गेले. मी चपला घातल्या, रिक्षा केली आणि एकटी गेले. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, कारण अंधारात मला पाऊल कुठे टाकावं ते कळत नाही.

समुद्र एका नजरेत मावत नाही म्हणतात. मला तर तो तुकड्यातुकड्यांनी बघावा लागला, मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून. पण सूर्य समोर होता, आणि समोरचं मला अजून दिसतं. तो मोठा झाला, लाल झाला, खालून चपटा झाला आणि गेला. मला रडू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं की धड दिसत नाही, म्हणून रागही आला. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी आठवडाभर रोज दुपारी काय केलं असेल, हे तिथेच माझ्या लक्षात आलं.

परतले तर खोलीत चहा चालला होता.

"कुठे गेली होतीस?"

"समुद्रावर."

"अगं, आम्ही आता निघतच होतो," हे म्हणाले. खिडकीबाहेर काळोख होता.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांत सतरंज्या पडल्या. माहिती द्यायला आमचे हे. पुढची तुकडी समोर बसलेली. वेळापत्रक तेच, फक्त पोह्यांत सुधारणा. "सूर्यास्ताचं म्हणाल तर आम्हाला ढग लागले," ते म्हणाले.

"ढग नव्हते," मी उभी राहून म्हणाले. "तिथे लवकर अंधार पडतो. दुपारी झोपू नका."

हे माझ्याकडे बघून हसले, अगदी मायेने. मग मंडळींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हिच्या डोळ्यांमुळे हो. हिला लवकर अंधारतं."

शेजारच्या बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं, म्हणाल्या, "सावकाश हं." सगळे कणवेने बघत होते. एकेक चेहरा दिसायला मला मान वळवावी लागली, आणि त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

मी पुन्हा उठले नाही. झोपू देत.