काचघरातली काळी काच

लढाईच्या दिवसांत नगरच्या कॅम्पातल्या बागेतलं काचघर काळ्या रंगानं फासून टाकलं होतं. शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून कॅम्पातल्या सगळ्या काचा काळ्या करायचा हुकूम होता. काचघरात दिवाच नव्हता, पण तो विचार हुकूम काढणाऱ्याच्या मनात कशाला येईल?

मी त्याच वाटेनं सायकलवरून कचेरीत जायचो. तिथली उंच, काटक माळीण रोज सकाळी आतल्या कुंड्या कमरेवर घेऊन बाहेर मांडायची आणि ऊन तापायच्या आत परत आत न्यायची. कुंडी टेकवली की ती थोडी फिरवायची, तान्ह्या पोराचं तोंड उजेडाकडं करावं तशी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मात्र म्हणालो, "मावशी, साहेबाच्या झाडांसाठी एवढी ओढाताण कशाला?"

"साहेबाची असत्याल," ती म्हणाली, "पर अंधारात मरत्यात ती."

लढाई संपली आणि काचा साफ करायचा हुकूम आला. तिनं खुरप्यानं एकेक काच खरवडून लख्ख केली. कोपऱ्यातली एक तेवढी काळीच राहिली.

"ही विसरलात वाटतं?" मी विचारलं.

तिनं त्या काचेखालची नेच्याची कुंडी दाखवली. नेचा हिरवागार पसरला होता.

"बाकीची झुरत हुती तवा ह्यो एकटाच खुशीत हुता. आता लढाई संपली म्हून ह्याला उनात घालू व्हय?"